भाताच्या बांधावर रात्री चमकणारे कोळी

बांधकरी: आमचे भाताचे खाचर सिंधुदुर्गात आहे. रात्री डोक्याला बॅटरी बांधून पाणी पाहायला गेलो असता बांधावर आणि चुडांच्या बुंध्याशी हिरवट ठिपके चमकतात, आणि जवळ गेल्यावर तेथे करडा कोळी बसलेला आढळतो. जाळे मात्र कोठेच नसते. काहींच्या मागे पांढरट गोळी चिकटलेली आहे. हा कोणता कोळी असावा, आणि जाळ्यावाचून त्याचे पोट कसे भरते? तुडतुडे दिसू लागल्याने शेजारी फवारणीचा आग्रह धरत आहेत, म्हणून विचारतो.

अष्टपाद: वर्णनावरून हा लायकोसिडी कुळातील लांडगा कोळी दिसतो. खात्री डोळ्यांवरून करावी: खाली चार लहान डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन मोठे डोळे आणि त्यांच्या मागे आणखी दोन. मोठ्या डोळ्यांच्या आतला थर प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. त्यामुळे बॅटरी कपाळावर असली की चमक स्पष्ट दिसते, कमरेपाशी धरली की बहुधा दिसत नाही. मागची गोळी म्हणजे अंड्यांची पिशवी. मादी ती पोटाच्या टोकाशी, सूत काढणाऱ्या अवयवांना चिकटवून हिंडते. पिशवी जबड्यात धरून नेणारा कोळी दिसला, तर तो बहुधा दुसऱ्या कुळातला समजावा.

माळरान: नावामुळे हे कोळी कळपाने पाठलाग करत असतील असे वाटते, पण प्रत्येक जण एकटाच शिकार करतो, आणि पुष्कळदा धावण्यापेक्षा दबा धरून बसणेच अधिक असते. पायांवरच्या केसांना कंपने जाणवली किंवा जवळपास हालचाल दिसली, की तो वळतो, झडप घालतो, विषदंत रोवतो आणि पाचक रसाने विरघळलेले भक्ष्य शोषून घेतो. ‘जाळे नाही’ हा नियम मात्र सरसकट लावू नये. याच कुळातील हिप्पासा प्रजातीचे कोळी गवतात नसराळ्यासारखे जाळे विणतात. सकाळी दवात ते बांधावर सहज दिसेल.

बांधकरी: आभारी आहे. एका मादीच्या पाठीवर पिल्लांचा थर होता. ती त्यांना भरवते का?

अष्टपाद: नाही. पिल्ले बाहेर पडावीत म्हणून मादी पिशवीची शिवण उसवते, पण पाठीवर असताना ती अंड्यातून उरलेल्या बलकावरच जगतात. काही दिवसांनी उतरली की पांगतात, आणि कित्येक जातींची पिल्ले सुताचा धागा सोडून वाऱ्याबरोबर दूर जातात.

खाचर: फवारणीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आशियातील भातशेतीत आढळणारा पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा हा लांडगा कोळी दिवसाला साधारण ५ ते १५ तुडतुडे खातो, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरूनही धावत असल्याने, तुडतुडे जेथे रस शोषतात त्या बुंध्यापर्यंत तो सहज पोहोचतो. व्यापक परिणामाच्या कीटकनाशकाने कोळी मरतात, पण खोडात घातलेली तुडतुड्यांची अंडी वाचतात, आणि पुढची पिढी शत्रूविना वाढते. असाच उद्रेक झाल्यावर इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती. आधी निरनिराळ्या ठिकाणच्या चुडांवर तुडतुडे आणि कोळी दोन्ही मोजा. तुडतुड्यांची संख्या कृषी विभागाने सांगितलेल्या नुकसान पातळीखाली असेल, तर औषध आणूच नका.