शब्दचर्चा: अपघाताचा ‘धसका’

प्रश्न: वाहन अपघातातून बचावलेल्यांच्या मेंदूत काय बदल होतात, यावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. ‘आघातोत्तर तणाव विकार’ (पीटीएसडी) फार जड वाटतो. सरळ ‘धसका’ लिहू का?

उत्तर: जवळचा शब्द आहे. धक्का बसतो नि ओसरतो, धडकी क्षणभर भरते, धास्ती पुढे काय होईल याची असते. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा, आणि तो मुक्काम ठोकतो. निदानासाठीही लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. पण विकाराचं नाव एकदा तरी पूर्ण द्याच. धसका घेतलेल्या प्रत्येकाला विकार असतोच असं नाही.

दुसरं उत्तर: माझी हरकत ‘घेतला’ला आहे. ‘त्याने फारच धसका घेतलाय’ म्हटलं की ‘सोड की आता’ हे आपसूक मागून येतं. शेजारच्या सीटवर बसलेल्याचा पाय, कुठे ब्रेक करकचला की, रिकाम्या जागी दाबला जातो. ते तो ठरवून करत नाही. ‘धसका बसला’ लिहा.

प्रश्नकर्ती: पटलं. ‘मेंदूची सक्रियता वाढते’ हे वाक्य ठीक आहे ना?

उत्तर: सरसकट नको. धोक्याची दखल घेणारा अमिग्डाला बऱ्याच अभ्यासांत जास्त पेटलेला दिसतो, तर त्याला आवर घालणारा, कपाळामागचा आतल्या बाजूचा भाग मंदावलेला. काही रुग्णांत उलटंही दिसतं; ते बधिर होतात, सगळं परक्यासारखं वाटतं. शिवाय एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणारा स्कॅन, पेशींची क्रिया थेट मोजत नाही, रक्तातल्या प्राणवायूतल्या बदलावरून ती ताडतो. म्हणून ‘दिसून आली’ म्हणा. आणि हे सरासरीचे फरक आहेत, एकट्याचा स्कॅन बघून निदान होत नाही.

दुसरं उत्तर: हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाबद्दल ‘आकसतो’ असं क्रियापद वापरलं असेल तर काढा. तो सरासरीने लहान आढळतो, पण 2002 साली जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात विकार जडलेल्या सैनिकाच्या, स्वतः युद्धावर न गेलेल्या भावाचाही लहान निघाला होता. म्हणजे तो आधीपासूनच लहान असू शकतो.

जाता जाता: या विकाराचं आजचं इंग्रजी नाव 1980 साली अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आलं, पण अपघाताशी नातं जुनं आहे. 1866 मध्ये एरिक्सन या लंडनच्या शल्यवैद्याने रेल्वे अपघातानंतरच्या अशाच तक्रारींचं खापर पाठीच्या कण्यावर फोडलं होतं. ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव त्यावरून रूढ झालं.

प्रश्नकर्ती: आणि ‘फ्लॅशबॅक’? ‘पूर्वस्मृती’ सुचवलंय कुणीतरी.

उत्तर: छे! स्मृतीत ‘तेव्हा’ असतं. इथे काच आत्ता फुटते. फ्लॅशबॅकच ठेवा.