आजोबांचा ट्रक, मर्सिडीजचा तारा आणि १९४८ साल: जुन्या फोटोचं साल ठरवायचं कुणी?

महालचा नातू
मोठ्या आत्याच्या ट्रंकेतून निघालेला एक फोटो चुलतभावानं स्कॅन करून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ: 'आजोबांचा पहिला ट्रक, संत्रा मार्केट, नागपूर, १९४८.' सगळ्यांनी हात जोडले, दोघातिघांना गहिवरून आलं. मी तो मोठा करून पाहिला आणि तिथंच घात झाला.

बोनेटवाला ट्रक. मागं पेट्या रचलेल्या. दाराशी काळ्या टोपीत आजोबा, बोनेटला टेकून चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा, पाठीमागं कुठल्याशा हॉटेलची अर्धी पाटी. नंबरप्लेट चिखलानं भरलेली. आणि जाळीच्या मधोमध, वर्तुळात, तीन टोकांचा तारा. मर्सिडीजचा!

टाटांच्या टेल्कोचा मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार झाला १९५४ मध्ये. त्याआधी टाटा-मर्सिडीज नावाचा ट्रक आपल्याकडं नव्हताच, मग १९४८ च्या फोटोत तो उभा कसा? एवढंच विचारलं, तर काका म्हणाले, "तेव्हा तुझा बापही शाळेत जात नव्हता, तू आम्हाला शिकवतोस?" ट्रक स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी घेतला, ही आमच्या घरातली पोथी आहे.

माझं मत सरळ आहे. साल लिहायचं तर लोखंडाला विचारावं. माणसं दर दिवाळीला आठवण थोडी थोडी घासून चकचकीत करतात. तुम्हाला काय वाटतं?

धरमपेठ कट्टा
शंभर टक्के सहमत. त्यात भर घालतो. तो करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. म्हणून टी दिसला की फोटो १९६९ च्या अलीकडचा, डोळे मिटून लिहावं. उलटं मात्र चालत नाही. तारा दिसला म्हणून १९६९ च्या आधीचा, असं नाही; तारेवाल्या गाड्या पुढं कित्येक वर्षं रस्त्यावर होत्या. खूण नेहमी खालची मर्यादा सांगते, वरची नाही. हे ज्याला कळलं त्याला निम्मी विद्या आली.

तुमच्या फोटोची खालची मर्यादा १९५४. काकांना नमस्कार सांगा.

लकडगंजचा मिस्त्री
भाऊ, मी लकडगंजात बॉडीच्या कामावर अर्धी जिंदगी काढली. तुम्ही ताऱ्याले पाहून राहिले, मी गाडीले पाहून राहिलो.

लोखंड खोटं बोलत नाही म्हणता? लोखंडावाणी थापा मारणारं दुसरं काही नाही. त्या काळी कंपनी नुसती चेसिस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, देत होती. लाकडाची केबिन, हौदा, सारं इथलं सुताराच्या हातचं. गाडी ठोकली की पुढचं तोंड दुसऱ्या गाडीचं बसवत. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं टाकत. मी अशा गाड्या पाहिल्या जिच्या अंगात तीन गाड्यांचं मटण होतं.

आता तुमच्या फोटोवर या. बोनेट जिथं संपते तिथं, नाकावर, ओळीनं पाच डाग दिसते. ते अक्षरं पडल्याचे भोकं हायेत. टाटाले तिथं पाच अक्षरं काऊन असतील? फार्गोले इंग्रजीत पाच अक्षरं. डॉजलेही पाच. डिसोटोले सहा, म्हणून ते बाद. तिन्ही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या घरच्या सख्ख्या बहिणी, आपल्याकडं कुर्ल्याच्या प्रीमियरनं बनवल्या. अंग तेच, नाव वेगळं. हा ट्रक फार्गो नाहीतर डॉज हाय. तारा वरून लावला. ड्रायव्हर लोकाले असले शौक राहते.

महालचा नातू
मिस्त्रीकाका, आदर ठेवून म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पुसट फोटोत तुम्हाला पाच भोकं दिसली आणि मला ठसठशीत दिसणारा तारा खोटा? मग उद्या कुणी म्हणेल आजोबाही वरून लावलेत.

लकडगंजचा मिस्त्री
मूळ फोटो आणा, नीट स्कॅन करा, मग बोला. मी कुठं पळून राहिलो?

वाडी नाका
तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडताय. चेसिस कधीची, बॉडी कधीची आणि फोटो कधीचा, ही तीन सालं आहेत. आजोबांनी १९४८ मध्ये ट्रक घेतला असेल आणि फोटो दहा वर्षांनी निघाला असेल, तर तारा काहीच खोडत नाही. तेव्हाचे ट्रक वीस-पंचवीस वर्षं चालायचे, मोडून पुन्हा उभे राहायचे. काका खोटे ठरत नाहीत, फार तर फोटोखालची ओळ खोटी ठरते.

आणि हो, 'आठवण घासून चकचकीत करतात' हे वाक्य घरच्या ग्रुपवर टाकलं नसेल अशी आशा आहे.

महालचा नातू
टाकलंय.

मीटरगेज
मला या सगळ्या बोनेटशास्त्राचाच कंटाळा आहे. नागपूरकरांनी गाडीच्या तोंडाकडं नाही, कुशीवर काय लिहिलंय तिकडं पाहावं. आपलं गाव एका जागी बसून राज्यं बदलत आलंय. मध्य प्रांत-वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. इतकं आयतं पंचांग पुण्याच्या फोटोला मिळत नाही.

परवा एकानं मोरभवनच्या गप्पांत एक फोटो दाखवला, 'नागपूरची एसटी, १९५२'. अहो, एसटीची पहिली बस पुणे–अहमदनगर धावली १ जून १९४८ ला, पण ती मुंबई राज्यात. १९५२ मध्ये नागपूर त्या राज्यात होतं कुठं? इथं प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस होती. ती १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर एसटीत विलीन झाली, तशीच मराठवाड्याची हैदराबादकडची सेवाही. मग एकतर बस नागपूरची नाही, नाहीतर साल १९५२ नाही. बोनेट बेडफोर्डचं की मॉरिसचं, याची गरजच पडली नाही.

धरमपेठ कट्टा
पंचांग छान आहे, पण पाट्यांवर फार विसंबू नका. राज्याचं नाव बदललं म्हणून त्याच रात्री कुणी ब्रश घेऊन गाड्या रंगवायला बसत नाही. 'सीपी' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) अक्षरांची नंबरप्लेट दिसली म्हणजे फोटो १९५० च्या आधीचा, असं लिहिणारे मी पाहिलेत. अरे, ती प्लेट गाडी भंगारात जाईपर्यंत तीच राहिली असेल!

मीटरगेज
तेच तर. तुमचाच नियम, खालची मर्यादा. एसटीची अक्षरं नागपूरच्या बसवर १९५६ आधी येऊच शकत नाहीत, पुढं कितीही राहोत.

फोटोची काच
सोपं सोडून अवघड का करता? हल्ली मोबाइलवर फोटो टाकला की अ‍ॅप गाडीचं नाव सांगतं. मी महालच्या नातवाचा फोटो टाकून पाहिला. 'शेव्हरोले, १९४२' आलं. रंगीतही करून दिला, गर्द तांबडा. वरच्या कमेंटमध्ये जोडलाय.

लकडगंजचा मिस्त्री
त्या अ‍ॅपले माझ्याकडं पाठवा, पाना देतो हातात.

वाडी नाका
अ‍ॅपचा दोष नाही, त्यानं विलायती फोटोच जास्त पाहिलेत. बेडफोर्ड १९३१ मध्ये सुरू झाली तीच शेव्हरोलेच्या नमुन्यावर, त्यामुळं जुन्या गाड्यांची तोंडं मिळतीजुळती. लढाईतल्या कॅनडाच्या लष्करी ट्रकांचं तर विचारूच नका: फोर्ड आणि शेव्हरोले या एकमेकींच्या वैरिणी, पण सरकारी हुकमानं केबिन जवळपास सारखी. बसकं नाक, आणि नंतरच्या केबिनची समोरची काच वरून पुढं झुकलेली, खाली पाहत असल्यासारखी. युद्ध संपल्यावर असल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि 'डिस्पोजलची गाडी' म्हणून गावोगाव माल वाहू लागल्या. त्यांवर आपल्या सुतारांनी बॉडी चढवली की अ‍ॅप काय, खुद्द कारखान्याचा माणूस आला तरी डोकं खाजवेल.

रंगाचं तर नावच काढू नका. काही जुन्या फिल्मना लाल रंग दिसायचाच नाही, लाल गाडी काळी उमटायची आणि निळी फिकट. अ‍ॅपनं तांबडा दिला तो स्वतःच्या मनानं.

फोटोची काच
बरं, अ‍ॅप राहू द्या. पण निगेटिव्ह उलटी धुतली असेल हे कुणी तपासलं? माझ्याकडं कामठी रोडचा एक फोटो आहे, त्यात स्टिअरिंग डावीकडं. सगळे म्हणाले अमेरिकन लष्कराचा सहा चाकी जीएमसी. मी म्हणालो, ड्रायव्हरच्या शर्टाचा खिसा कुठं आहे बघा. उजवीकडं! फोटो उलटा होता, ट्रक साधा आपला उजव्या स्टिअरिंगचा.

मीटरगेज
हा मात्र मुद्दा. बायका असतील तर पदरही पाहतात. फक्त इतवारीत पाहू नका, तिथं गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावरचा पदर पाहून सुलटा फोटो उलटा कराल.

महालचा नातू
आत्याकडून मूळ प्रिंट आणली. बाराशे डीपीआयवर स्कॅन केली. दोन गोष्टी सांगायच्यात, पहिली नाइलाजानं.

एक: मिस्त्रीकाका, नाकावर पाच भोकं आहेत. आणि ताऱ्यामागं जाळीच्या पट्ट्या सलग दिसतात. तारा चक्क तारेनं बांधलाय.

दोन: मागच्या हॉटेलच्या पाटीवर 'चहा' वाचता येतं, पुढचा आकडा कापलाय आणि त्यापुढं स्वच्छ 'नवे पैसे'. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे १९४८ नाही ते नाहीच. मी बरोबर होतो.

लकडगंजचा मिस्त्री
उत्तर बरोबर, गणित चुकलं. शाळेत याले अर्धे मार्क देत होते.

धरमपेठ कट्टा
१९६४ मध्ये 'नवे' हा शब्द सरकारनंच काढून टाकला, पण हॉटेलवाल्यानं पाटी लगेच पुसली असेल असं नाही. तेव्हा '१९५७ किंवा नंतर' एवढंच लिहा. आणि माझा वरचा १९५४ चा नमस्कार मी मागं घेतो. तारेनं बांधलेला तारा आधीच्या एखाद्या विलायती मोटारीचाही असू शकतो, त्याच्यावर साल टांगता येत नाही.

वाडी नाका
आणि फार्गो किंवा डॉज म्हटल्यावर १९४८ ची खरेदीही शक्य कोटीत आली. ट्रकपुरते काका बरोबर, फोटोपुरता पुतण्या.

सावनेरची लेक
परवापासून वाचतेय. भोकं मोजली, खिसे मोजले, नव्या पैशांपर्यंत गेलात. बोनेटला टेकलेला तो पोरगा कोण, हे एकाही दादानं विचारलं नाही. माझे बाबा अशाच ट्रकवर क्लीनर होते, आमच्याकडं किन्नर म्हणतात. मालकांच्या घरच्या अल्बमात ते चार फोटोंत आहेत, नाव एकाच्याही खाली नाही. गाडीचं मॉडेल मात्र चारही फोटोंखाली लिहिलंय.

आणि तुमचं ते 'लोखंडाला विचारा' मला पटत नाही. आत्या जिवंत आहेत ना? मग त्यांना विचारा. फक्त गाडीबद्दल विचारू नका. बायकांना गाडीत कुणी बसवलं होतं तेव्हा, की त्यांना मॉडेल लक्षात राहावं? माणसांबद्दल विचारा.

महालचा नातू
ताई, बरोबर आहे. आज संध्याकाळी जाऊन येतो.

महालचा नातू
जाऊन आलो. थोडं लांबेल.

साल विचारलं तर आत्या पुन्हा 'स्वातंत्र्याच्या पुढचं' हेच म्हणाली. मग पोरावर बोट ठेवलं. चष्मा न लावता नाव सांगितलं. (इथं लिहीत नाही, त्यांची नातवंडं कामठीला आहेत, त्यांना आधी फोटो पाठवतो.) त्याचे वडील आजोबांकडं पेट्या चढवायला यायचे. आत्या म्हणाली, "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा सारं घर गेलं होतं त्यांचं, दोन दिवस माल चढवायले माणूस नव्हता. पोरगा ट्रकवर लागला तो त्याच्या पुढच्या संत्र्यात." दीक्षाभूमीचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ चा. फोटोत सगळ्यांच्या अंगात स्वेटर आहेत, पेट्या आहेत, म्हणजे संत्र्याचा थंडीच्या तोंडावरचा हंगाम, आंबिया बहार. १९५७ चा. नव्या पैशांशी जुळतं.

"हा फोटो त्याच वर्षीचा कशावरून?" विचारलं. तर म्हणाली, "पुढच्या वर्षी तो इथं नव्हताच, मामाकडं जबलपूरले गेला."

तारा त्यानंच कुठून तरी आणून बांधला होता. आजोबांनी कानशिलात लगावली. मग दोन दिवसांनी स्वतः फडक्यानं पुसून तो तसाच ठेवला.

काकांना वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ट्रक १९४८ चाच आहे. मी म्हटलं, हो.

फोटोखाली आता सगळ्यांची नावं आणि '१९५७, आंबिया बहार' असं लिहिलंय. गाडीची जागा रिकामी ठेवलीय.

लकडगंजचा मिस्त्री
फार्गो की डॉज, हे आत्याले विचारलं का नाही?

महालचा नातू
विचारलं. म्हणाली, हिरवी होती.