उपग्रहात तांब्याऐवजी सुपरकंडक्टर? आधी टोकांचा हिशेब मांडा

कोरडवाहू: ‘अवकाश थंडच असतं, उपग्रहातलं तांबं काढून वायबीसीओची (थंड केल्यावर रोधाशिवाय वीज नेणाऱ्या सुपरकंडक्टरची) टेप टाका, रोध शून्य, थंड करायला द्रवरूप नायट्रोजन तर जनावरांच्या दवाखान्यातही असतो,’ असं सौरपंपभाऊंनी काल ठोकून दिलं. हिशेब पाहा. ७० व्होल्टची बस (उपग्रहातली मुख्य वीजवाहिनी), १०० अँपिअर, जाऊन-येऊन २० मीटर, ३५ चौरस मिलिमीटर तांबं. वजन सव्वासहा किलो, नुकसान सुमारे ९७ वॅट. आता टेप. तिची चारही टोकं ३०० केल्विनच्या (सुमारे २७ अंश सेल्सिअस) पेट्यांत जोडायची. १०० अँपिअरचं तांब्याचं लीड (जोडतार) टेपच्या ७७ केल्विनपर्यंत (सुमारे उणे १९६ अंश) सुमारे ४ वॅट उष्णता आत आणतं. झाले १६. क्रायोकूलर (टेप थंड ठेवणारं यंत्र) वॅटमागे २० वॅट खातो. म्हणजे ९७ वाचवायला ३२० घालायचे!

सौरपंप: तुम्ही मुद्दाम आखूड केबल धरली. लांबी वाढली की तांब्याचं नुकसान वाढतं, टोकं चारच राहतात. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर कायम सावलीतले खड्डे ५० केल्विनच्याही खाली आहेत. काठावर पॅनेल, तळाशी यंत्र, मधे काही किलोमीटर केबल. तिथं बोला.

कोरडवाहू: तिथं व्होल्टेज वाढवा. दहापट व्होल्टेज, त्याच तारेत नुकसान शंभरावा हिस्सा. ११ केव्हीची लाईन गावापर्यंत येते ती त्याचसाठी.

सौरपंप: पण पृथ्वीच्या खालच्या कक्षेत प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा विरळ वायू) आहे, व्होल्टेज चढवलं की पॅनेलवर ठिणग्या. अवकाश स्थानकाचं पॅनेल म्हणून १६० व्होल्टवर आहे, वाटप १२४ वर.

पशुधन: माझा राग नायट्रोजनवर आहे. ७७ केल्विनला १ वॅट उष्णता दिवसाला ४३० ग्रॅम नायट्रोजन उडवते. १६ वॅटला रोज सात किलो, अवकाशात भरून कोण देणार? आणि दवाखान्यातला कॅन प्रयोगासाठी मागू नका. त्यात रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य) असतात. त्यांचा कॅनिस्टर (आतलं नळकांडं) कॅनच्या मानेपर्यंत उचलला तर दहा सेकंदांत परत खाली गेला पाहिजे.

कोरडवाहू: आधी नायट्रोजन वेळेवर भरा ना जी! कॅन कोरडा पडला की रेतमात्रा मेल्या, गाय उलटली (गाभण न राहता परत माजावर आली), शेतकऱ्याचे २१ दिवस गेले. त्याचा जाब कोण देतं?

पशुधन: भरणारा वेगळा, शिव्या खाणारा वेगळा. पातळी तुम्हीही पाहू शकता. प्लास्टिकची पट्टी तळाला टेकवा, दहा-पंधरा सेकंदांनी काढून हवेत हलवा. पांढरा बर्फ जिथवर चढला तिथवर नायट्रोजन. बूच कधी घट्ट ठोकू नका, वायू कोंडून कॅन फुटतो. बुचाचा थर्माकोल तुटला तरी महिन्याचा नायट्रोजन आठवड्यात जातो.

सौरपंप: गाईवरून परत केबलवर येता का?

कोरडवाहू: येतो. टेपमधला सुपरकंडक्टरचा थर एक-दोन मायक्रॉनचा. सोल्डर करताना दोनशे अंशांच्या वर फार वेळ तापवली की ऑक्सिजन निघून जातो, क्षमता पडते. एका जागी सुपरकंडक्टिव्हिटी गेली तर ती उष्णता टेपभर फार हळू पसरते. व्होल्टेज दिसेपर्यंत तो ठिपका जळालेला असतो. चंद्रावर लाईनमन पाठवणार? तरी खड्ड्यातल्या लांब केबलचं मान्य करतो, टेपवर तांब्याचा पुरेसा जाड थर देऊन. उपग्रहात नाही म्हणजे नाही.

सौरपंप: १९९९ च्या आर्गोस उपग्रहावर हे सुपरकंडक्टर गेलेच होते.

कोरडवाहू: मायक्रोवेव्हच्या सर्किटात. १०० अँपिअर नेणाऱ्या केबलीत नव्हे.