अ‍ॅबनॉर्मल नक्की कोणाला म्हणायचं? व्याख्याच गंडलीये का?

फुटपट्टी:
अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर जवळ आलाय म्हणून वाचतोय आणि जितकं वाचतोय तितकं डोकं फिरतंय. पहिली व्याख्या आकडेवारीची, म्हणजे जे क्वचित आढळतं ते अपसामान्य. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरली तर ७० च्या खाली साधारण दोन टक्के लोक येतात, पण १३० च्या वरही तेवढेच येतात की, त्यांना कोणी डॉक्टरकडे नेत नाही, उलट मिरवतात. आणि डिप्रेशन इतकं सर्रास आढळतं की या हिशोबाने हळूहळू तेच नॉर्मल ठरावं!

दुसरी व्याख्या समाजाचे नियम मोडण्याची, ती तर अजूनच भारी. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांसाठी 'ड्रेपटोमेनिया' असा आजारच काढला होता. पळावंसं वाटणं हा आजार आणि माणूस विकत घेणारा मात्र ठणठणीत. समलैंगिकता तर १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीत होती आणि ती काढली त्यावर पुढच्या वर्षी चक्क मतदान झालं, ५८ टक्के बाजूने. अरे कावीळ आहे की नाही हे हात वर करून ठरवतात का? माझं म्हणणं सरळ आहे, चारचौघांना जे खपत नाही ते अ‍ॅबनॉर्मल, बाकी सगळा शास्त्राचा मुलामा.

उंबरठा:
+१. सोव्हिएत रशियात सरकारला विरोध करणाऱ्यांना 'सुस्त स्किझोफ्रेनिया'चं लेबल लावून कोंडायचे. लक्षणं काय, तर म्हणे सुधारणेचा ध्यास. संपला विषय.

मधली_सुट्टी:
विषय संपला कसा? पुस्तकातलं राहू दे, माझ्या दादाचं सांगते. एकदा तो चार रात्री झोपला नाही. तिसऱ्या रात्री अडीच वाजता उठून बघते तर घरातली सगळी घड्याळं खोलून जमिनीवर मांडलेली, एकेका घड्याळाचे स्क्रू वेगवेगळ्या वाटीत, प्रत्येक वाटीखाली चिठ्ठी, आणि हा इतका खूष की बोलायला दम धरवत नव्हता, शब्दावर शब्द चढत होते. म्हणाला मला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं! त्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली होती आणि साठवलेले पैसे एका अनोळखी माणसाला देऊन टाकले होते, हे आम्हाला नंतर कळलं. आता तुमच्या 'चारचौघांना खपत नाही' मध्ये हे कसं बसवणार? बाहेरच्या चारचौघांना तर तो एकदम मजेशीर वाटत होता.

फुटपट्टी:
@मधली_सुट्टी, वाईट वाटलं वाचून. पण बघ ना, यात स्वतःला होणारा त्रास हा तिसरा निकषही अपुरा पडतोच की. दादाला त्रास शून्य होता. म्हणजे माझाच मुद्दा.

मधली_सुट्टी:
एकटा निकष अपुरा पडतो रे, म्हणून तर वेगळेपणा, त्रास, रोजचं काम बिघडणं आणि धोका असे चारही एकत्र बघतात. दादाच्या बाबतीत त्रास सोडून बाकीचे तीन तरी होते. झोप नाही, नोकरी नाही, पैसे नाहीत.

तिरकस:
रोजचं काम बिघडणं म्हणजे कोणाचं काम? उपास करून आंदोलनाला बसलेल्या माणसाची पण झोप, नोकरी, पैसे सगळं जातं. आणि तज्ज्ञांना तरी कुठे ओळखू येतं? रोझनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७३ चा प्रयोग बघा, आठ धडधाकट माणसं 'आवाज ऐकू येतो' एवढंच खोटं सांगून बारा हॉस्पिटलांत भरती झाली, आत गेल्यावर नॉर्मल वागली तरी कोणाला पत्ता नाही. एक जण टिपणं काढत बसायचा तर नर्सने नोंद केली की पेशंट लिहिण्याचं वर्तन करतो. लिहिण्याचं वर्तन! या न्यायाने आपण सगळे आत्ता भरती व्हायला हवं.

पाटीपेन्सिल:
@तिरकस, तो प्रयोग जरा जपून वापरा. २०१९ मध्ये सुझॅना कॅहॅलन या पत्रकार बाईंनी कागदपत्रं धुंडाळून त्यावर पुस्तक लिहिलंय, त्यातली बरीचशी माणसं सापडतच नाहीत आणि रोझनहानने स्वतः भरती होताना सांगितलेली लक्षणं छापलेल्यापेक्षा बरीच गंभीर होती.

आणि @फुटपट्टी, मतदानाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. मतदान काढून टाकण्यासाठी नव्हतं, संघटनेच्या मंडळाने ते आधीच केलं होतं, ते उलटवायचं का यावर होतं. त्याच्याही आधी १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलैंगिक आणि ३० इतर पुरुषांच्या चाचण्या नावं झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्या होत्या आणि कोण कुठला हे त्यांना ओळखता आलं नव्हतं. म्हणजे नुसत्या मतांनी नाही, पुराव्यानेही व्याख्येला धक्का दिला. आंदोलकांचा दबाव होताच, तो नाकारत नाही.

मी समुपदेशनाचं काम करते. मला पटणारी मांडणी वेकफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाची, १९९२ ची: आतली एखादी यंत्रणा बिघडलेली हवी आणि त्याने नुकसानही होत असलं पाहिजे, दोन्ही लागतं. आंदोलक इथे आपोआप बाहेर पडतो, त्याचं आत काही बिघडलेलं नाही. अडचण एवढीच की मनातली यंत्रणा मुळात कशासाठी आहे हे ठरवताना आपण पुन्हा अंदाजच बांधतो.

तिरकस:
म्हणजे फिरून तिथेच. आणि दुःखाचं काय? २०२२ पासून त्या अमेरिकन यादीत लांबलेला शोक हा आजार आहे, मोठ्या माणसांना बारा महिन्यांची मुदत. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सहाच. एकच बाई आठव्या महिन्यात एका यादीत आजारी आणि दुसरीत नाही?

पाटीपेन्सिल:
हो, कागदावर तसंच होतं, गोड करून सांगत नाही. फक्त नुसते महिने मोजून निदान होत नाही, जवळपास रोजची तीव्र ओढ, जगणं ठप्प, आणि तिच्या समाजात जेवढा शोक धरला जातो त्याच्या पलीकडे, हे सगळं बघावं लागतं. आठव्या महिन्यात ती दारात आली तर मी यादी उघडत नाही, आधी बसवते. पण मदतीचा खर्च मंजूर करणाऱ्याला नाव लागतं आणि नावाला रेघ लागते, मग रेघ कुठेतरी मारावीच लागते.

फुटपट्टी:
ठीक, मुलामा हा शब्द मागे घेतो. पण रेघ मारणाऱ्याच्या हातात सत्ता असते हे मागे घेणार नाही.

मधली_सुट्टी:
दादाला मघाशी हा सगळा धागा वाचून दाखवला. आजारी होतो हे त्याला मान्य आहे, गोळ्याही वेळेवर घेतो. फक्त म्हणाला, त्यांना सांग की त्या चार रात्रींइतकं बरं मला अजून वाटलेलं नाही. यावर त्याच्याशी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.