पिकअप मागून डाव्या अंगाला बसलीय, शॉकअप बदलूनही फरक नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी 2013 ची डिझेल पिकअप, मागे कमान पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. रोज पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माल भरायचा आणि ठाणे-बेलापूर रोडने, विटाव्याच्या पुलाखालून ठाण्यात जांभळी नाक्याला टाकायचा.

अडीच महिन्यांपासून मागची डावी बाजू खाली बसली आहे. रिकामी उभी असली तरी मागून पाहिल्यावर माल भरायचा हौदा कललेला दिसतो. भरली की डाव्या बाजूचा बंप रबर (धक्का झेलणारा रबरी ठोकळा) एक्सलवर टेकतो आणि प्रत्येक खड्ड्यात ठक्क आवाज येतो. बाबा शेजारी बसले की आवाज यायच्या आधीच दाराचा दांडा घट्ट धरतात. त्यांची ही गाडी मला नीट उभी करायची आहे.

पहिल्या गॅरेजने दोन्ही मागचे शॉकअप बदलायला लावले. पैसे गेले, गाडी होती तशीच. नंतर मला कळलं की साधा शॉकअप उसळी आवरतो, वजन पेलत नाही. वजन पाट्यांवरच असतं. दुसरे म्हणतात डाव्या बाजूला एक पाटा जास्तीचा टाका. तिसऱ्याने खाली न वाकताच चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकल्याचं सांगितलं.

म्हणून मी स्वतः मापं घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गवंड्याची पाण्याची नळी लावून सपाट जागा शोधली, चारही टायरची हवा सारखी केली, हौदा रिकामा केला, गाडीत कोणी बसलेलं नव्हतं. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक मध्ये येतो, म्हणून चाकाच्या हबच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत टेप धरला.

मागे उजवीकडे 412 मिमी, डावीकडे 377. म्हणजे फरक 35. पुढे डावी बाजू फक्त 8 मिमी खाली. मग एक्सलच्या नळीपासून चासीपर्यंत, बंप रबरच्या शेजारी मोजलं: उजवीकडे 160, डावीकडे 135. हे माप चाकाच्या आत असल्यामुळे फरक थोडा कमी येणारच, पण येतोय हे महत्त्वाचं. नुसता हौदा त्याच्या बैठकीवर कलला असता तर इथे दोन्हीकडे सारखं आलं असतं.

डिझेल आणि वायर ब्रशने डावे पाटे घासून टॉर्चने पाहिले. चीर दिसली नाही. मागचं शॅकल (कमानीचं मागचं टोक धरणारी हलती कडी) मात्र डावीकडे उजव्यापेक्षा जास्त मागे झुकलंय, म्हणजे कमान सपाट होऊन लांबलीय. आणखी एक गोष्ट: तीन महिन्यांपूर्वी करकर आवाज येत होता म्हणून उजव्या कमानीच्या टोकांच्या बोल्टवरचे रबरी बुश बदलले होते. आणि जांभळी नाक्याला आम्ही डावा फाळका उघडून माल उतरवतो, त्यामुळे कांद्याच्या गोणी कायम डाव्या अंगाला रचल्या जातात. हे वर्षानुवर्षं चाललंय.

एकाच बाजूला पाटा टाकणं मला पटत नाही. मूळ दुखणं झाकलं जाईल आणि दोन बाजूंचा ताठपणा वेगळा होईल. पण चासीचं ऐकल्यापासून झोप नाही. खर्च करण्याआधी अजून काय तपासू?

प्रतिसाद:
भाऊ, मापं चांगली घेतलीत. चासीची भीती आत्ताच नको. आधी पुढची बाजू बाद करा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर मध्ये जॅक लावून पुढची चाकं जेमतेम उचला आणि मागचं माप पुन्हा घ्या. कल गेला तर दुखणं पुढे आहे. या वेळी गाडीखाली शिरू नका. दुसरं, उजवे बुश चाक लटकत असताना आवळले होते का? तसं असेल तर रबर पिळून ती बाजू वर धरून ठेवतं. गाडी चाकांवर उभी असताना ते बोल्ट ढिले करा, गाडी दोन-तीनदा दाबा, मग आवळा. एवढ्यावर फरक उरला तर कमान उतरवा. पाटा बहुतेकदा सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, आणि ती जागा कमान एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटखाली झाकलेली असते. वरून घासून दिसणार नाही.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार. पुढे उचलल्यावर मागचा फरक 33, म्हणजे दुखणं पुढे नाही. बुश खरंच जॅकवर असतानाच आवळले होते. ढिले करून पुन्हा आवळले तर फरक 35 वरून 27 वर आला.

रविवारी फेरी नसते, तेव्हा मागची चासी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घेऊन डावी कमान उतरवली. यू-बोल्ट सुटल्यावर वरून चौथा पाटा दोन तुकडे होऊन हातात आला. बरोबर भोकातून तुटलाय. तुटलेल्या तोंडावर निम्मा भाग काळा-तांबूस गंजलेला, निम्मा चकचकीत. अर्धी चीर जुनीच असणार. बाबा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत होते.

उजवी कमान उतरवून शेजारी ठेवली. तुटलेला पाटा सोडला तरी डावीचे बाकीचे पाटे उजवीपेक्षा सपाट दिसतात. आता विचारायचं ते एवढंच: चौथा पाटा नवा घालून डावीचे बाकीचे चढवून, म्हणजे पुन्हा वाक देऊन घेऊ, की दोन्ही बाजूंचे सेट एकदम नवे घेऊ? चढवलेला पाटा पुन्हा लवकर बसतो असं ऐकलंय, त्यामुळे माझा कल दोन्ही नव्यांकडे आहे. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट तर नवेच घेणार. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.