मदत हवी आहे: वेव्हलेटने आवाजाची फाइल लहान केली की ओव्यांतले ‘स’ आणि ‘श’ जातात

नमस्कार मंडळी. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव अंबाजोगाईजवळ. आजीच्या जात्यावरच्या ओव्या दोन वर्षं सुट्टीत फोनवर रेकॉर्ड केल्या. आता गुडघ्यांमुळे तिला जात्यावर बसणं होत नाही. आहे तेच जपायचंय, म्हणून प्रोजेक्टलाही तेच घेतलं: फाइली लहान करायच्या, पण शब्द न् शब्द कळला पाहिजे.

आवाज सेकंदाला ८००० सॅम्पलवर (म्हणजे तितक्या मोजमापांवर) आणला, प्रत्येक १६ बिट, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट. पायथॉनमध्ये वेव्हलेट, म्हणजे आवाज छोट्या लहरींत मोडायची रीत, वापरली: प्रकार डोबेशीचं डीबी-८, पाच पातळ्या (बारीक स्वरापासून खालच्या स्वरापर्यंतचे थर). सगळ्यांना एकच थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचं टाकायचं ती मर्यादा) लावून सर्वांत मोठे १० टक्के गुणांक (प्रत्येक लहरीचा जोर सांगणारे आकडे) ठेवले, बाकी शून्य. मग रन-लेंग्थ आणि हफमन, म्हणजे सलग शून्यं आणि वारंवार येणारे आकडे कमी बिटांत लिहायच्या रीती. ही पायरी गाळली तर फाइल तेवढीच राहते, शून्यालाही जागा लागतेच.

प्रोग्रॅम म्हणतो ९८ टक्के एनर्जी (आवाजाचा एकूण जोर) टिकली. कानाला मात्र ‘सासुरवाशीण’चं ‘आउरवाईण’ ऐकू येतं, आणि जात्याची घरघर जशीच्या तशी! मोठे गुणांक तिचेच, म्हणून आकडा छान दिसतो.

घरातल्या एका मोडी कागदाचा स्कॅन याच रीतीने सुरेख निघाला. तिथे ९/७ वेव्हलेट घेतलं, जेपेग २००० या चित्रांच्या फाइल-प्रकारातलं. वीसपट लहान करूनही बोरूची बारीक रेघ वाचता येते. मला वाटतं, शाईची कड एका जागी असते, तिचे गुणांक थोडे पण मोठे. ‘श’ म्हणजे नुसती फुंकर. ती शेकडो बारक्या गुणांकांत विखुरते आणि चाळणीतून सगळीच गळते.

प्रत्येक पातळीला वेगळा थ्रेशोल्ड कसा ठरवायचा? कुणी केलंय का?

प्रतिसाद: थ्रेशोल्डच्या आधीच नुकसान झालंय. ८००० सॅम्पल म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं गेलं, आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वरच असतो. मूळ रेकॉर्डिंगवरून १६००० करून बघा. मग २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडा. ज्या तुकड्यात सिग्नल शून्यरेषा फार वेळा ओलांडतो तो ‘स-श’चा समजा, तिथे वरच्या दोन पातळ्यांचा थ्रेशोल्ड बराच खाली आणा. जात्याचा जो आवाज आजींच्या स्वराच्याही खालच्या पट्टीत आहे, तेवढाच आधी फिल्टरने कमी करा. सगळा काढू नका, ओवीची लय त्यावरच आहे.

धागाकर्ता: दादा, लई उपकार झाले. १६००० वर ‘सासुरवाशीण’ स्पष्ट आलं. फाइल मात्र वाढली. ‘स-श’च्या तुकड्यांत गुणांकामागे ३ बिट पुरतील का, की त्यांच्या जागी तेवढ्याच जोराचा नॉइज (कृत्रिम खरखर) भरला तर चालेल? नॉइज भरला तर तो आजीचा ‘श’ राहणार नाही अशी भीती वाटते.