येवल्याच्या पैठणीच्या साइटला बॅकलिंक कुठून आणायच्या?

गंगापूररोडकर: दुकान येवल्यात, साइट नाशिकमधून चालते. एकजण ३,००० रुपयांत ५०० बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक, देतोय. घ्याव्यात का?

गोदाकाठ: अजिबात नको. असल्या लिंक बहुतेक कमेंट, फोरम प्रोफाइल आणि ओस पडलेल्या डिरेक्टऱ्यांतल्या असतात. २०१६ च्या पेंग्विन ४.० या स्पॅम लिंकविरोधी अपडेटपासून गूगल त्या बहुधा मोजतच नाही, पैसे पाण्यात. वर सगळीकडे अँकर टेक्स्ट (लिंकचे क्लिक करायचे शब्द) एकच, ‘पैठणी ऑनलाइन खरेदी’, असला तर मॅन्युअल अ‍ॅक्शनचाही, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या कारवाईचाही, धोका.

द्राक्षबाग: आधी घरातलं बघा. गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या टूलमधला लिंक्सचा रिपोर्ट काढा. बाहेरून लिंक असलेलं एखादं पान ४०४ (‘पान सापडलं नाही’) देत असेल तर ते जवळच्या विषयाच्या पानावर ३०१ ने (कायमच्या रिडायरेक्टने) वळवा. सगळं होमपेजवर ढकललंत तर गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरू शकतं. साडी विकली की पान उडवायचं ही दुकानांची जुनी खोड, लिंक तिथेच गळतात.

पाचवा मैल: मग कुणालाही लिंक द्यावीशी वाटेल असं एक पान करा: हातमागाची पैठणी कशी ओळखायची. पदराची उलट बाजू जवळून दाखवा. हातमागावर नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, यंत्रमागाच्या बऱ्याच साड्यांत मागे धागे लोंबतात. हे दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवा. नंतर साड्यांवर आणि येवल्याच्या सहलींवर लिहिणाऱ्यांना एकेकट्याला मेल करा. अँकर त्यांचं त्यांना ठरवू द्या.

गंगापूररोडकर: आणि नोफॉलो लिंक, म्हणजे गूगलने मोजू नये अशी खूण असलेली, मिळाली तर?

गोदाकाठ: घ्या की. २०१९ पासून गूगल नोफॉलोला फक्त सूचक खूण मानतं, सक्तीची मनाई नाही. शिवाय गिऱ्हाईक तर येतंच.